मृणालचं रॉकेट

माझ्या तळहातांना घाम येतो. लहानपणी तर इतका यायचा, की परीक्षेत पेपराखाली रुमाल ठेवल्याशिवाय मला लिहिता येत नसे. दुसऱ्या कुठल्या घरात जन्मले असते तर एवढ्याशा गोष्टीचं कुणाला काही वाटलं नसतं. पण आमचं घर बाइंडरचं. काचीगुड्यात, स्टेशनच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, पुढच्या खोलीत अण्णांचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं: अण्णा, आई आणि मी. सकाळी जाग यायची ती पुस्तकाच्या पाठीवर पडणाऱ्या हातोडीच्या आवाजाने, आणि त्यात मधूनच स्टेशनात डबे जोडल्याचा दणका मिसळायचा. आई एका चुलीवर खिचडी आणि चिंचेचं आंबट सार, आमच्याकडचा खट्टा, करायची आणि दुसरीवर अण्णांची खळ शिजवायची. खळीचं पातेलं वेगळं असे, कारण झुरळं कागद खाऊ नयेत म्हणून त्यात मोरचूद पडायचं. खिचडीचा आणि खळीचा वास मिळून आमच्या घराचा जो एक वास झाला होता, तो मला आजही कधी एखाद्या जुन्या ग्रंथालयात अर्धा येतो आणि मग खट्ट्याची आठवण होऊन भूक लागते.

अण्णांच्या उजव्या हाताला एक जागा होती. तिथे बसकर टाकलेलं असे आणि समोर उतरती फळी. त्या जागेवर बसणाऱ्याला दुमडलेले कागद हाडाच्या पट्टीने दाबायचे, शिवायचे, खळ लावायची आणि शिकंजात, म्हणजे दाबाच्या लाकडी यंत्रात, पुस्तकं चढवायची एवढी कामं असत. वर्षानुवर्षं तिथे खाजामियाँ बसत. ते थकून गावी गेले आणि जागा रिकामी झाली. त्याच उन्हाळ्यात अण्णांच्या चष्म्याचा नंबर वाढला, आणि त्याच उन्हाळ्यात एका ग्रंथालयाने जुनी पुस्तकं नव्याने बांधायला पाठवली. गोण्यांनी खोली भरली. एके दिवशी जेवताना अण्णा आईला म्हणाले, "दसऱ्याला कुणाला तरी बसवावंच लागते आता. बाहेरचा नक्को. घरचा हात पाहिजे." आमच्याकडे नवा माणूस दसऱ्यालाच बसायचा. हत्यारांची पूजा झाली, की त्याने हातोडीला कुंकू लावायचं आणि त्या जागेवर बसून पहिला टाका घालायचा. मी भाकरीचा घास तसाच हातात धरून बसले. घरचा हात म्हणजे मीच होते, दुसरं होतं कोण? पण अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या ओल्या झालेल्या भाकरीकडे पाहिलं आणि ते वरणाची वाटी जवळ ओढून जेवायला लागले.

तसा त्यांचा दोष नव्हता. मी हात लावलेल्या कागदावर पाच बोटं उमटत. सोनेरी वर्खाजवळ तर मला उभंही राहू देत नसत. आई रोज संध्याकाळी तुरटीच्या पाण्यात माझे हात बुडवून ठेवायची आणि शेजारणीला सांगायची, "वयाप्रमाणं जाते म्हणे. बघू." माझं वय वाढत होतं आणि हात होते तसेच होते.

अशात मृणाल आली. माझ्या धाकट्या काकांची मुलगी, माझ्याच वयाची. काका शिकायला म्हणून पुण्याला गेले, तिथेच इंजिनीअर झाले, तिथलीच बायको केली, आणि आता कंपनीने दोन वर्षांसाठी बदली केली म्हणून हिमायतनगरात बंगलीवजा घरात उतरले. आधी तिच्या नावापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. मी शकुंतला, घरात शकू, आणि ही मृणाल. तिचं मराठी असं, की रेडिओवर बातम्या सांगतंय कुणीतरी. आई "हौ, बस की" म्हणाली, तर ती खुदकन हसली आणि म्हणाली, "मोठी काकू किती गोड बोलते." आईला ते कौतुक वाटलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या नातीला मी हे प्रकरण वाचून दाखवते आहे, कारण तिला मराठी वाचता येत नाही, तर ती इथे थांबवून म्हणाली, "आज्जी, तू कित्ती जेलस होतीस यार." मी म्हटलं, थांब, अजून सुरुवातही झालेली नाही.

पहिल्याच दिवशी मृणाल दुकानात शिरली आणि तिने हाडाची पट्टी उचलली. अण्णा काही बोलायच्या आत तिने एक कागद दुमडून त्यावर पट्टी फिरवली. कागदावर एक डाग नाही, घडी सरळ. अण्णांनी तिचा हात हातात घेतला, तळवा उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "कोरडा हात आहे पोरीचा." बस, एवढंच. पण माझ्या अख्ख्या जन्मात अण्णांनी माझा तळवा असा हातात धरून पाहिला नव्हता.

तिच्या शाळेत विज्ञान मंडळ होतं आणि तिथल्या सरांनी छोटी रॉकेटं उडवायचा घाट घातला होता. आत बसवायची मोटर, म्हणजे दारू ठासलेली नळकांडी, सर देणार. ती तयार येई, कुठून तरी परदेशातून आणलेली, आणि तिला सरांशिवाय कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. बाकी सगळं मुलांनी घरी करायचं, विकतचं काही चालणार नाही. रॉकेटही मनातलं नको, खरोखर उडालेल्या एखाद्या रॉकेटची बरोबर मापातली प्रतिकृती हवी. मृणालने वर्तमानपत्रातला फोटो कापून आणला. त्यात रॉकेटच्या पायथ्याशी एक माणूस उभा होता. त्या माणसाची उंची साडेपाच फूट धरून तिने कर्कटकाने रॉकेटची उंची, जाडी, पंखांची रुंदी असं सगळं काढलं. अण्णा चष्मा कपाळावर चढवून तिच्या खांद्यावरून बघत होते. "असं बी करता येते काय?" ते म्हणाले. मला आठवतं, मी दारात उभी होते आणि मला त्या फोटोतल्या माणसाचासुद्धा राग आला.

मग रोज शाळा सुटली की ती हिमायतनगराहून सायकलवर आमच्याकडे येऊ लागली. आई तिच्यासाठी उस्मानिया बिस्किटं आणून ठेवायची. मला ती पाहुणे आले तरच मिळत, आणि मृणाल तर आता पाहुणी राहिली नव्हती, तरी तिला मिळत. रॉकेटचं अंग करायला अण्णांनी पितळी नळी काढली, तिच्यावर जाड तपकिरी कागद खळ लावून तिरका गुंडाळला, एकावर एक चार पदर दिले आणि सावलीत वाळवला. नाक करायला निर्मल गावी खेळणी करतात ते हलकं लाकूड मिळालं, ते मृणालने काचपेपरने घासून घासून आणलं. रॉकेट अलगद खाली उतरावं म्हणून वर उघडणाऱ्या छत्रीसाठी जुन्या अस्तराचं तलम कापड आणि शिवणीचा मेण लावलेला दोरा. ते दोघं काम करताना फारसं बोलत नसत. अण्णांनी हात पुढे केला, की तिने त्यात हवं ते हत्यार ठेवलेलं असायचं, न सांगता. ती बसायची त्या उजव्या हाताच्या जागेवर. "तात्पुरतं बसू दे," मी मनाशी म्हणायची. पण बसकरावर तिच्या बैठकीचा खोलगा पडायला लागला होता, आणि दसरा तीन आठवड्यांवर आला होता. एकदा अण्णा आईला म्हणाले, "धाकट्याला विचारावं म्हणतो. शाळा करून दोन तास बसली पोरगी तरी मोठं काम होते." आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "विचारा की." त्या दिवशी मी तुरटीच्या पाण्याचं भांडं मोरीत उपडं केलं आणि आईने विचारलं तर सांडलं म्हणून सांगितलं.

आता पंखांचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. कागदाला आणि पुठ्ठ्याला एक कल असतो. एका बाजूने तो सहज दुमडतो, दुसऱ्या बाजूने अडतो, वाकवलं तर कुरकुरतो. बाइंडरच्या पोराला हे अक्षरांच्या आधी शिकवतात. पुस्तकाचा नियम असा, की कल नेहमी पाठीला समांतर ठेवायचा, म्हणजे पुस्तक अलगद उघडतं, पान आपोआप वळतं. अण्णांनी तीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता. मृणालने पुठ्ठ्यावर चार पंख आखले, तेव्हा तिने विचारलं, "मोठे काका, कल कसा घेऊ?" अण्णा सहज म्हणाले, "पाठीला धरून, अजून कसा?" पंख रॉकेटच्या अंगाला चिकटतो ती बाजू म्हणजे पाठ, हे दोघांनीही विचार न करता धरून टाकलं. वर सांध्याला कापडी पट्टी लावली, ग्रंथाला लावतात तशी, नीट दाबून. काम इतकं सुबक झालं की शेजारचे शिंपी येऊन बघून गेले.

पाचवा एक पंख कापताना बिघडला होता. तो कचऱ्याच्या टोपलीत पडला होता, मी उचलला. मला त्या कामातलं काहीतरी हातात धरायचं होतं, दुसरं कारण नव्हतं. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर बसून मी तो मुठीत धरला, आणि माझ्या हातांनी जे व्हायचं तेच झालं. पुठ्ठा ओलसर होऊन वळायला लागला. कसा वळला, तर जिथे तो रॉकेटला चिकटणार त्या बाजूला समांतर. मी तो मांडीवर टेकवून हलकेच ढकलला. तो पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखा मिटला. सोडला, उघडला. मी परत मिटला. मला वाऱ्याचं शास्त्र कळत नव्हतं, पण एवढं कळलं की पुस्तकाने उघडायचं असतं आणि पंखाने मुळीच उघडायचं नसतं. कल आडवा हवा होता, अंगापासून बाहेर जाणारा. अण्णा चुकले होते. मृणाल चुकली होती. आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

सांगायला चार दिवस होते. मी तो पंख दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि शाळेत बाकाखाली पुन्हा पुन्हा मोडून पाहत राहिले, मोडतो आहे ना याची खात्री करून घेत. खोटं कशाला बोलू, मला आनंद होत होता. उडवायच्या आदल्या संध्याकाळी मृणाल रॉकेट दोन्ही हातांवर घेऊन माझ्याकडे आली. पांढरं अंग, काळे पट्टे, आणि अण्णांनी काळ्या पट्ट्यावर वर्खाने घातलेली बारीक अक्षरं. "शकू, तू एकदा बघ ना नीट," ती म्हणाली. "आम्ही दोघं इतके दिवस बघतोय की आता काही चुकलं असेल तरी दिसणार नाही." मी पंखाकडे पाहिलं. मी म्हटलं, "छान झालंय." ती म्हणाली, "खरं?" मी म्हटलं, "हौ."

मैदान मलकपेठेत होतं, रेसकोर्सच्या भिंतीपासून बरंच अलीकडे. आता तिथून जाताना डोक्यावरून मेट्रो जाते आणि मैदानाचा पत्ताही लागत नाही. त्या दिवशी सकाळी अण्णांनी दुकान बंद ठेवलं, इस्त्रीचा शर्ट घातला, आईने डब्यात पुऱ्या घेतल्या. काका-काकू आले, शेजारचे शिंपी आले, गल्लीतली निम्मी माणसं बसने आली. सरांनी सगळ्यांना दोरीच्या मागे लांब उभं केलं. इतर मुलांची तीन रॉकेटं आधी उडाली, वाकडीतिकडी, ओबडधोबड, पण उडाली आणि छत्रीला लटकून खाली आली. मृणालचं उडवायच्या सळईवर उभं राहिलं तेव्हा लोक आपोआप गप्प झाले, इतकं ते खऱ्यासारखं दिसत होतं. अण्णांनी माझा हात धरला. ओला हात, पण त्यांच्या लक्षातही आलं नाही. तेव्हा मी सांगायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. सरांनी उलटे आकडे मोजायला सुरुवात केली आणि मी ते मिटलं.

सूं करून ते निघालं. कडुलिंबाच्या झाडाएवढं सरळ गेलं आणि मग एक पंख मिटला. मला तो मिटताना दिसला, बाकी कुणाला दिसला नसेल. रॉकेट आडवं झालं, एक गिरकी घेतली आणि नाक खाली करून मैदानाच्या पलीकडच्या कडेला जमिनीत घुसलं. कुणाला काही लागलं नाही. सगळं शांत झाल्यावर त्याची छत्री जमिनीवरच फट्‌ करून बाहेर आली. काही पोरं हसली. अण्णा हात सोडून चालत गेले आणि तुकडे आपल्या उपरण्यात गोळा करून घेऊन आले.

घरी येऊन अण्णा आपल्या जागेवर बसले, तुकडे समोर मांडले. मृणाल तिच्या जागेवर बसली. काका आतल्या खोलीत आईशी बोलत होते. मग अण्णा म्हणाले, "माझंच चुकलं बाळा. नजर राहिली नाही आता." मृणाल म्हणाली, "नाही मोठे काका, पंख मी लावले. माझी खळ कमी पडली असेल." "नक्को, तुझा हात चांगला आहे. माझंच कायतरी." "नाही, माझं." दोघं एकमेकांकडून चूक हिसकावून घेत होते, आणि मी दारात उभी. माझ्याने ते बघवेना. मला वाटलं होतं, रॉकेट पडलं की ही जोडी तुटेल. ती तर आणखी घट्ट झाली होती. चूकसुद्धा त्या दोघांची होती, तिच्यात मला वाटा नव्हता. मी पुढे झाले आणि म्हटलं, "अण्णा, खळ नाही. कल उलटा आहे." आणि दप्तरातला पंख आणून त्यांच्यासमोर फळीवर मिटून दाखवला. "पुस्तकासारखा बांधला तुम्ही. म्हणून पुस्तकासारखा मिटला."

अण्णांनी तुकड्यांतला मोडका पंख उचलला, दोन्ही बाजूंनी वाकवून पाहिला. मग ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "तीस वर्षं," ते म्हणाले. "तीस वर्षं हात आपोआप चालला. अगे शकू, तुला दिसलं की हे." माझं नाव त्यांच्या तोंडी असं मी कधी ऐकलं नव्हतं. मीही हसायला लागले होते, तेवढ्यात त्यांनी मी आणलेला पंख हातात घेतला, आणि त्यांचं हसू थांबलं. घडीवरून त्यांनी अंगठा फिरवला. घडीवरचा पुठ्ठा फुलून कापसासारखा झाला होता, कडा मळल्या होत्या. घडी ताजी की जुनी हे बाइंडरला विचारावं लागत नाही. "ही घडी आजची नाही," अण्णा म्हणाले. "पन्नासदा मोडलाय हा. चार-पाच दिवस झाले असतील." त्यांनी चष्म्यातून वर पाहिलं. "कुणी मोडला?"

मला बाहेरच्या रस्त्यावरून चाललेल्या रिक्षाचा आवाज अजून आठवतो. मृणालने पंखाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं. ते कळताना मी तिचा चेहरा पाहिला. मग ती अण्णांकडे वळली आणि तिच्या त्या स्वच्छ मराठीत म्हणाली, "मी मोडला, मोठे काका. टोपलीत टाकायच्या आधी असाच चाळा म्हणून मोडत होते, पण अर्थ माझ्या डोक्यातच आला नाही. शकूला आज बघितल्या बघितल्या कळलं."

अण्णा थोडा वेळ घडीवर अंगठा ठेवून बसले. मग "हं," म्हणाले आणि पंख बाजूला ठेवला. त्यांना खरं कळलं होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. मी विचारलं नाही आणि ते बोलले नाहीत. रात्रीच्या जेवणाला बसताना मात्र आईला म्हणाले, "दसऱ्याला शकूला बसवतो." आई म्हणाली, "आणि हातं?" अण्णा म्हणाले, "तलम कापडाचे मोजे शिव तिला. हाताचं काय बी करता येते. हिची नजर कुठून आणू?"

दसऱ्याला काका-काकू आणि मृणाल जेवायला आले. हत्यारं पुसून मांडली होती, झेंडू घातले होते. मी मोजे घालून हातोडीला कुंकू लावलं आणि त्या जागेवर बसून पहिला टाका घातला. तो वाकडा गेला, अण्णांनी तो उसवला नाही. संध्याकाळी मृणाल सोनं द्यायला मागच्या अंगणात आली. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवून ती निघणार, तेव्हा मी विचारलं, "तू का म्हणालीस, तू मोडला म्हणून?" मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल, निदान दोन शब्द सुनावेल. मी त्याची तयारी करून बसले होते. तिने क्षणभर विचार केला, अगदी सरळ, हिशोबाचं गणित सोडवावं तसा, आणि म्हणाली, "आम्ही काय, आज ना उद्या पुण्याला परत जाणार. तुला इथेच राहायचंय त्यांच्याजवळ."

त्या जागेवर मी सदतीस वर्षं बसले. अण्णा गेल्यावर त्यांच्या जागेवर सरकले आणि माझ्या उजव्या हाताला दुसऱ्या कुणाला बसवलं. ग्रंथालयाची पुस्तकं मी बांधली, माझ्या हातची पुस्तकं अजून लोक उघडतात. मृणाल पुढे मोठ्या हुद्द्यावर गेली, परदेशात राहिली, दिवाळीला फोन करते आणि रॉकेटचा विषय कधी काढत नाही. कुणी विचारलं, तुम्ही या कामात कशा आलात, तर मी म्हणते, वडिलांनी बसवलं. लोकांना ते ऐकायला बरं वाटतं. मला ती जागा अण्णांच्या हातून हवी होती. ती मला मृणालने दिली, आणि याचा राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही.